सेंट्रल लुब्रिकेशन: पंप चालू आहे, पण ग्रीस बेअरिंगपर्यंत पोचतंय का?

ड्राइव्ह_एंड (धागाकर्ता)

काही दिवसांपूर्वी आमच्या एका मोठ्या कन्व्हेयरच्या टेल पुलीचं, म्हणजे मागच्या टोकाच्या पुलीचं, बेअरिंग निकामी झालं. रात्रपाळीत आवाज सुरू झाला, पहाटे हाउसिंगमधून धूर निघाला आणि लाइन थांबवावी लागली. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्या बेअरिंगला सेंट्रल लुब्रिकेशन होतं, म्हणजे एकाच पंपातून पाइपांनी सगळ्या बेअरिंगांना आपोआप ग्रीस देणारी सिस्टिम. पॅनलवर हिरवा दिवा होता, पंपाच्या टाकीत ग्रीस होतं, सायकल मोजणारा आकडा रोजच्यासारखा वाढत होता. एकही अलार्म आला नव्हता.

हाउसिंग उघडलं तेव्हा आतलं ग्रीस काळं पडलेलं होतं. बोटात चुरलं की कोरड्या मातीसारखं सुटत होतं. रोलर निळे पडले होते. मग गार्ड काढून पाइप बघितला. ग्रीस वाटून देणाऱ्या ब्लॉकमधून निघालेला ६ मिलिमीटरचा नायलॉनचा पाइप फ्रेमच्या कडेवर घासून घासून कापला गेला होता, आणि त्याच्या खाली जमिनीवर ताज्या, स्वच्छ ग्रीसचा वीतभर उंच ढीग साचला होता. बेअरिंगच्या वाट्याचं सगळं ग्रीस तिथे होतं. मोजून, वेळेवर, एकही सायकल न चुकता तिथे पडत होतं.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्यापैकी बरेच जण या सिस्टिम रोज बघतात, पण ती आत काय करते हे नीट समजून घेतल्याशिवाय तिचा दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही हे कळत नाही. म्हणून मला जेवढं कळलंय तेवढं इथे मांडतो. चुकलं तर दुरुस्त करा.

आधी हे की सेंट्रल सिस्टिम लावायचीच का. उदाहरणाला २२२२० नंबरचं स्फेरिकल रोलर बेअरिंग घ्या. बाहेरचा व्यास १८० मिमी, रुंदी ४६ मिमी. बाजूने ग्रीस भरायचं असेल तर एका वेळच्या ग्रीसचा नेहमीचा हिशोब ०.००५ × व्यास × रुंदी असा असतो. तो येतो साधारण ४१ ग्रॅम. समजा दर १००० तासांनी भरायचं ठरलं. हाताने भरताना ते ४१ ग्रॅम एकदम आत जातं. बेअरिंग ते घुसळतं, काही वेळ तापतं, जादाचं सीलमधून बाहेर ढकलतं, आणि पुढची भरणी येईपर्यंत ग्रीस जुनं होत राहतं. तेच ४१ ग्रॅम १००० तासांत वाटून दिलं तर दिवसाला जेमतेम १ ग्रॅम पडतं. बेअरिंगला खरं हवं असतं ते हेच, थोडं थोडं आणि सतत. शिवाय ते मशीन चालू असताना मिळतं, त्यामुळे ग्रीस फिरत्या रोलरांवर सारखं पसरतं. सीलच्या ओठाशी ताज्या ग्रीसची कड राहते आणि धूळ आत शिरत नाही. धुळीच्या जागी मला हा फायदा बाकी सगळ्यांहून मोठा वाटतो.

आता सिस्टिमचे प्रकार. नावं बरीच आहेत, पण ग्रीससाठी मला तीन महत्त्वाचे वाटतात.

सिंगल लाइनमध्ये पंपापासून एकच मुख्य पाइप निघतो आणि त्यावर जागोजागी इंजेक्टर बसवलेले असतात. पंप लाइनमध्ये दाब चढवतो, इंजेक्टरचा पिस्टन सरकतो आणि ठरलेला डोस बाहेर पडतो. मग पंप थांबतो आणि लाइनमधला दाब टाकीकडे सोडला जातो. दाब उतरला की स्प्रिंग पिस्टनला मागे आणते आणि पुढचा डोस भरला जातो. (काही बनावटींत डोस दाब उतरताना बाहेर पडतो, तत्त्व तेच.) म्हणजे इथे दाब चढणं जितकं गरजेचं, तितकंच तो उतरणंही.

प्रोग्रेसिव्हमध्ये एका ब्लॉकमध्ये पिस्टनांची रांग असते. ते एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने सरकतात. पहिल्याचा स्ट्रोक पूर्ण झाल्याशिवाय दुसरा हलत नाही.

ड्युअल लाइनमध्ये दोन मुख्य पाइप असतात. एकात दाब असताना दुसरा टाकीला मोकळा असतो, मग अदलाबदल. लांबलचक प्लांट, शेकडो पॉइंट (ग्रीस द्यायच्या जागा) अशा ठिकाणी ही सिस्टिम दिसते.

माझं बेअरिंग प्रोग्रेसिव्हवर होतं. या ब्लॉकची ख्याती अशी, की एक जरी पॉइंट चोक झाला तरी अख्खा ब्लॉक थांबतो आणि लगेच कळतं. म्हणूनच आम्ही निर्धास्त होतो. पण चोक झालेला पॉइंट कळतो, तुटलेला पाइप कळत नाही! तुटक्या पाइपातून ग्रीस उलट अधिकच सहज बाहेर जातं. ब्लॉक आनंदाने फिरत राहतो, सेन्सर पल्स देत राहतो. सेन्सर बसलाय ब्लॉकच्या पिस्टनवर. तो पिस्टन हलल्याचं सांगतो. पुढच्या दीड मीटर पाइपात काय झालं हे त्याला ठाऊक नसतं.

तुमच्याकडे काय अनुभव आहेत? विशेषतः ब्लॉक ते बेअरिंग या शेवटच्या टप्प्यावर नजर कशी ठेवता?

---

नवी_ट्रेनी

धागा वाचून खूप बरं वाटलं, कारण मला मेंटेनन्समध्ये रुजू होऊन चारच महिने झालेत आणि प्रोग्रेसिव्ह ब्लॉकचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. आत एकही वायर नाही, स्प्रिंग नाही, मग पुढचा नंबर आपला आहे हे पिस्टनला कळतं कसं?

आणि दुसरा प्रश्न. आमच्या एका ब्लॉकची एक आउटलेट वापरात नाही. तिथे प्लग मारला तर चालेल ना?

---

ड्राइव्ह_एंड

प्लग मारू नका! आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, त्यातून दुसऱ्याचं आपोआप कळेल.

तीन पिस्टनांचा ब्लॉक डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पिस्टन म्हणजे मधे कंबर बारीक केलेला एक दांडा. येणारं ग्रीस दाबासकट तिन्ही पिस्टनांच्या कंबरेपाशी कायम हजर असतं. ब्लॉकच्या पोटात आडवीतिडवी भोकं आहेत. पिस्टन डाव्या टोकाला असेल तर त्याच्या कंबरेतून ग्रीसला एक वाट मिळते, उजव्या टोकाला असेल तर दुसरी. आणि ही वाट जाते शेजारच्या पिस्टनच्या टोकामागे.

म्हणजे असं: पहिला पिस्टन उजवीकडे पोचला की त्याच्या कंबरेतून दुसऱ्याच्या टोकामागे ग्रीस जायला वाट उघडते. दाब दुसऱ्याला ढकलतो. दुसऱ्याच्या समोरच्या टोकाला जे ग्रीस भरलेलं होतं ते बाहेर ढकललं जातं, आणि ते परत एका पिस्टनच्या कंबरेवरून आउटलेटला निघून जातं. तोच तुमचा डोस. दुसऱ्याचा स्ट्रोक संपला की तिसऱ्याची वाट उघडते. तिसरा पोचला की पहिल्याला उलट दिशेने ढकलणारी वाट उघडते. तीन पिस्टन, प्रत्येकी दोन स्ट्रोक, असे सहा डोस झाले की एक सायकल. तीनपेक्षा कमी पिस्टनांत हा क्रम चालू राहत नाही, म्हणून ब्लॉक किमान तीनचा असतो.

आता तुमची आउटलेट. तिथे प्लग मारलात तर त्या पिस्टनच्या टोकापुढचं ग्रीस बाहेर जाऊ शकणार नाही, म्हणजे तो पिस्टन हलणार नाही, म्हणजे त्याच्यापुढचा कुणीच हलणार नाही. अख्खा ब्लॉक आणि त्यावरचे सगळे पॉइंट कोरडे. नको असलेल्या आउटलेटचं ग्रीस शेजारच्या किंवा समोरच्या आउटलेटला जोडून द्यायचं असतं. ते कसं करायचं हे बनावटीवर अवलंबून आहे. कुठे मधला स्क्रू काढावा लागतो, कुठे क्रॉस-पोर्टची पट्टी येते. त्या ब्लॉकचं मॅन्युअल बघूनच करा. आणि ज्या पॉइंटला ते जोडाल त्याचा डोस दुप्पट होणार हे लक्षात ठेवा.

अजून एक. या पिस्टनांना रबरी सील नसतं. पिस्टन आणि त्याचं भोक एकमेकांना जुळवून घासलेले असतात, मधे फक्त काही मायक्रॉनची फट असते. म्हणून एका ब्लॉकचा पिस्टन दुसऱ्यात घालायचा नाही, आणि साफ करायला काढले तर कुठला कुठून आणि कुठल्या बाजूने काढला याची खूण ठेवायची.

---

जुना_फिटर

मी आता निवृत्त आहे. ३० वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली, त्यातली बरीचशी ड्युअल लाइनच्या मागे चालत. त्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, म्हणून मी थोडं लिहितो.

ड्युअल लाइनचा पंप खोलीत असतो आणि शेवटचा डोसर, म्हणजे मोजून ग्रीस देणारं युनिट, शंभर मीटरवर, कधी त्याहूनही लांब. ए लाइनमध्ये दाब चढायला लागतो. वाटेतला एकेक डोसर आपापला पिस्टन सरकवून ग्रीस देतो. सगळ्यांचं देऊन झालं की ग्रीसला जायला जागाच उरत नाही, म्हणून दाब झपाट्याने वर जातो. लाइनच्या शेवटी बसवलेला प्रेशर स्विच ते ओळखतो आणि चेंजओव्हर व्हॉल्व्ह फिरतो. आता बी लाइनमध्ये दाब, ए मोकळी. तेच डोसर आता उलट्या बाजूने देतात.

स्विच शेवटी का? पंपापाशी लावला तर जवळचा दाब बघून तो खूश होतो आणि लांबचे डोसर हलायच्या आधीच लाइन बदलतो. थंडीत ग्रीस घट्ट असतं तेव्हा तर नक्कीच. मी असा एक प्लांट बघितलाय जिथे कुणीतरी केबल वाचवायला स्विच पंपाशेजारी आणून बसवला होता. पहिले दहा पॉइंट ग्रीसने न्हालेले आणि शेवटचे दहा कोरडे.

ड्युअल लाइनची खुबी प्रोग्रेसिव्हच्या बरोबर उलटी आहे. एक डोसर अडकला तर बाकीचे खुशाल काम करतात. भट्टीसमोरच्या रोलर टेबलवर तेच हवं, एका पॉइंटपायी सगळे उपाशी राहून चालत नाही. पण त्याची दुसरी बाजू ही, की अडकलेल्याबद्दल सिस्टिम अवाक्षर काढत नाही. त्याचे डोस गेले नाहीत तरी शेवटचा दाब येतोच. म्हणून डोसरवर निर्देशक पिन असते. सायकलमध्ये ती आत-बाहेर होते का हे माणसाने तिथे उभं राहून बघायचं असतं. दुसरा उपाय नाही.

मशीन चालू असताना आपोआप वंगण देण्याची धडपड तशी जुनी आहे. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनाला तेल द्यायला गाडी थांबवावी लागायची. एलायजा मकॉय नावाच्या कॅनडात जन्मलेल्या कृष्णवर्णीय अभियंत्याने १८७२ साली चालत्या वाफेच्या इंजिनाला तेल देणाऱ्या लुब्रिकेटरचं पेटंट घेतलं. एडिंबरोमध्ये शिकून आलेल्या या माणसाला अमेरिकेत रेल्वेत फायरमन आणि ऑइलरचंच काम मिळालं होतं. स्वतः तेल घालत असल्यामुळे त्याला अडचण कळली.

आणि मला एक मनापासून सांगायचंय. पूर्वी ग्रीस गन घेऊन फिरणारा माणूस दिवसातून एकदा प्रत्येक बेअरिंगपाशी जायचा. हात लावायचा, आवाज ऐकायचा, ढिला बोल्ट दिसला की सांगायचा. सेंट्रल सिस्टिम आली आणि त्या माणसाची फेरी बंद केली. गन काढून घेतली हे बरोबर केलं, फेरी काढून घेतली हे चुकलं.

---

टर्निंग_सेंटर

काका, फेरीबद्दल शंभर टक्के सहमत.

आमच्याकडे सीएनसी. इथे ग्रीसपेक्षा तेलाची सिंगल लाइन जास्त. गाइडवे आणि बॉल स्क्रूसाठी व्हीजी ६८ चं वे ऑइल, म्हणजे ४० अंश सेल्सियसला ६८ सेंटिस्टोकचं. पंप काही सेकंद चालतो, मग बराच वेळ थांबतो. इथे दोन वेगळ्या जाती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक रेझिस्टन्स प्रकार. मीटरिंग युनिटमध्ये फक्त बारीक वाट आणि चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा). पंपाने ढकललेलं तेल ज्याच्या त्याच्या अडथळ्याप्रमाणे वाटलं जातं. स्वस्त आणि साधं. पण एक युनिट चोक झालं की त्याचं तेल बाकीच्यांत वाटलं जातं आणि कुणाला कळत नाही. तेल तापून पातळ झालं की वाहण्याची गतीही बदलते.

दुसरा पिस्टन प्रकार, म्हणजे धाग्यात लिहिलेला इंजेक्टर. ०.०३, ०.१, ०.१६ सीसी असे ठरलेले डोस. तेल घट्ट असो की पातळ, दाब पुरेसा चढला-उतरला तर डोस तेवढाच. पण लाइनमध्ये हवा शिरली की खेळ संपला. हवा दाबली जाते, दाब पुरेसा चढत नाही, पिस्टन अर्धवट सरकतात. टाकी एकदा रिकामी होऊ दिलीत तर नुसतं तेल भरून भागत नाही. लाइनच्या टोकाचा प्लग सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यावं लागतं.

आता आमचा किस्सा. एका मशीनवर एक्स अॅक्सिस धक्के मारत सरकायला लागला. सर्व्होचा लोड वाढलेला. कव्हर काढलं तर एका रेलवर लालसर तपकिरी पट्टा. म्हणजे तेल नाही, कूलंट (कापताना सोडायचं थंड करणारं पाणी) पोचलाय. कुठलाच अलार्म नव्हता, कारण मेन लाइनचा दाब व्यवस्थित चढत होता. रेलवर सरकणाऱ्या त्या एका ब्लॉकचा पाइप फिटिंगमधून निसटला होता.

त्यानंतर आम्ही एक साधी सवय लावली, ती सगळ्यांना सांगतो. टाकीत किती तेल भरलं ते तारखेसह लिहायचं. हिशोब सोपा आहे: २० पॉइंट, सरासरी ०.१ सीसी, तासाला दोन सायकल, दिवसाला २० तास. म्हणजे रोज ८० सीसी, आणि २ लिटरची टाकी २५ दिवसांनी रिकामी व्हायला हवी. महिना दीड महिना झाला तरी भरावी लागली नाही तर खूश होऊ नका, तेल जातच नाहीये! आठवड्यात संपली तर कुठेतरी गळतंय. ऑपरेटर "हे मशीन तेल कमी खातं" असं कौतुकाने सांगतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

---

प्रयोगशाळेतून

पाइप आणि ब्लॉकवर चर्चा चालू आहे, तर त्यातून जे वाहतं त्याबद्दल मी लिहिते. माझं काम वंगणाच्या तपासणीचं आहे.

ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. ते तेल आणि ते धरून ठेवणारा साबण, स्पंजात पाणी असावं तसं. बेअरिंगचं काम करतं ते मुख्यतः तेल. साबण ते जागेवर ठेवतो आणि हळूहळू सोडतो. ग्रीसचा एनएलजीआय नंबर फक्त घट्टपणा सांगतो. २५ अंशाला ठरावीक वजनाचा शंकू ग्रीसवर पाच सेकंद सोडतात आणि तो किती खोल रुतला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. नंबर २ मध्ये तो २६५ ते २९५ रुततो, नंबर १ मध्ये ३१० ते ३४०, आणि ०० मध्ये ४०० ते ४३०. आतलं तेल किती जाड आहे हे त्या नंबरवरून अजिबात कळत नाही.

इथेच चूक होते. थंडीत लाइन चालेना म्हणून नंबर २ बदलून ० आणतात. ठीक आहे, पण आणलेल्या ग्रीसमधलं तेल पहिल्यापेक्षा पातळ असेल तर पंप सुखी आणि बेअरिंग दुःखी. घट्टपणा पाइपासाठी निवडा, तेलाची जाडी बेअरिंगच्या वेगाप्रमाणे, भाराप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे. दोन्ही स्वतंत्रपणे तपासा.

सिंगल लाइनमध्ये थंडीचा त्रास दुहेरी असतो. ग्रीस पुढे ढकलायला जास्त दाब लागतो हे सगळ्यांना दिसतं. पण पंप थांबल्यावर ते ग्रीस पाइपात तसंच ताठ बसून राहतं, लांबच्या टोकाचा दाब पुरेसा उतरत नाही, आणि तिथले इंजेक्टर पुन्हा भरतच नाहीत. पंपाजवळचा काटा शून्यावर आलेला असतो, टोकाचा नाही.

आमच्याकडे चोक झालेल्या ब्लॉकमधले नमुने येतात. त्यांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. एक म्हणजे सतत दाबाखाली राहिल्याने तेल पिळून निघून गेलेलं आणि मागे उरलेला कोरडा साबण. दाबून बघितलं तर मेणासारखा. दुसरी म्हणजे न जमणारी दोन ग्रीस एकत्र झालेली. लिथियम कॉम्प्लेक्सच्या लाइनमध्ये पॉलियुरियाचं किंवा बेंटोनाइट मातीचं ग्रीस घातलं, की बऱ्याचदा मिश्रण एकतर पाण्यासारखं होतं किंवा आवळून बसतं. रंग सारखा आहे म्हणून ग्रीस सारखं आहे असं समजू नका. रंग हा बनवणाऱ्याने घातलेला असतो.

आणि कृपा करून टाकीचं झाकण उघडून खोऱ्याने ग्रीस भरू नका. भरायला खाली निपल किंवा कपलिंग दिलेलं असतं, तिथून फिल्टरमधून पंपानेच भरा. वरून भरलेल्या ग्रीसबरोबर हवा जाते आणि धूळ जाते. त्या काही मायक्रॉनच्या फटीचं वर आलंच आहे.

---

तेलाची_फिल्म

मी मशीन डिझाइन शिकवतो. पाइप पोचला, ग्रीस चांगलं आहे, तरी बेअरिंग कोरडं राहतं अशी एक जागा उरते, म्हणजे पॉइंट चुकीच्या ठिकाणी असणं. साध्या बुशच्या बेअरिंगात हे हमखास घडतं.

याची गोष्ट मोठी सुंदर आहे. १८८३ साली बोशाँ टॉवर या इंग्लिश अभियंत्याने रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. अर्धगोल पितळी बेअरिंग वरून आसावर दाबलेलं, आस खालून तेलात बुडून फिरणारा. त्याने तेल देण्यासाठी बेअरिंगच्या बरोबर माथ्यावर एक भोक पाडलं. मशीन चालू केल्यावर त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग त्याने तिथे दाबमापक जोडला. काटा चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंत गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार तर निम्माच होता. फिरता आस स्वतःच तेल ओढून पाचरीसारखा दाब तयार करतो आणि त्या फिल्मवर तरंगतो हे त्यातून कळलं. ऑस्बॉर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं.

सेंट्रल लुब्रिकेशनसाठी यातला धडा सरळ आहे. भार जिथे येतो तिथे भोक पाडायचं नाही. तिथे आतला दाब तुमच्या तेलाला मागे ढकलतो, आणि वर भोकामुळे फिल्मही फुटते. भार नसलेल्या बाजूने तेल द्या, आस ते स्वतः ओढून नेईल. जुन्या मशीनला नंतर सेंट्रल सिस्टिम बसवतात तेव्हा पाइप न्यायला सोयीची बाजू निवडली जाते. ती नेमकी भाराची असू शकते, तेवढं तपासा.

---

टर्बाइन_हॉल

आमच्याकडचं चित्र थोडं वेगळं असल्याने थोडक्यात लिहितो. तुमच्या सिस्टिममध्ये वंगण एकदा जातं ते परत येत नाही. टर्बाइन, पेपर मशीन, मोठे गिअरबॉक्स यांत तेल फिरत राहतं: टाकी, पंप, फिल्टर, कूलर, बेअरिंग आणि परत टाकी. कारण तिथे तेलाला घर्षण कमी करण्याइतकंच उष्णता वाहून नेण्याचंही काम असतं. त्यामुळे प्रत्येक बेअरिंगच्या परतीच्या पाइपावर काच बसवता येते, वाहतं तेल डोळ्यांनी दिसतं, त्याचं तापमान मोजता येतं. तुमची अडचण आम्हाला येत नाही ती एवढ्याच कारणाने, की आमचं तेल परत येऊन सांगतं.

हाय स्पीड स्पिंडलचा ऑइल-एअर प्रकारही इथे नोंदवतो. त्यात हवेच्या झोतात तेलाचा बारीक डोस सोडतात आणि तो पाइपाच्या भिंतीवरून लहरत पुढे सरकतो. पारदर्शक पाइप लावला तर तेलाच्या रेघा सरकताना दिसतात. तपासणीची तीच उत्तम पद्धत.

---

नवी_ट्रेनी

सगळ्यांचे मनापासून आभार. ती आउटलेट शेजारच्या पॉइंटला जोडायचं ठरलंय, प्लग मारला नाही.

पण परवा आमचा एक प्रोग्रेसिव्ह खरंच चोक झाला. दाब फार चढला की उघडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून ग्रीस बाहेर यायला लागलं. त्यावर १ मास्टर ब्लॉक आणि त्याच्याकडून ग्रीस घेणारे ४ दुय्यम ब्लॉक आहेत. एकूण ३० च्या वर पॉइंट. नेमका चोक कुठे आहे हे शोधायचं कसं? आमच्या सीनियरांनी एकेक पाइप खोलायला सुरुवात केली आणि अर्धी पाळी गेली.

---

जुना_फिटर

वरून खाली यायचं, खालून वर नाही.

आधी मशीनचं लॉकआउट करा, म्हणजे वीज बंद करून कुणाला चालू करता येणार नाही असं कुलूप लावा, कारण तुम्ही फिरत्या भागांजवळ हात घालणार आहात. लुब्रिकेशन पंप तेवढा हाताने चालवता आला पाहिजे. मास्टरच्या इनलेटवर गेज लावा आणि पंप चालवून दाब चढू द्या. आता मास्टरची एक आउटलेट अगदी थोडी सैल करा. थेंबभर येऊन थांबलं तर ती वाट चोक नाही, घट्ट करून पुढच्या आउटलेटला जा. ज्या आउटलेटला ग्रीस जोराने सुटेल, गेजचा काटा पडेल आणि मास्टर पुन्हा फिरायला लागेल, चोक त्या वाटेवर आहे. मग ती घट्ट करून त्या वाटेवरच्या दुय्यम ब्लॉकवर हेच सगळं परत करा. मोजक्या आउटलेटांत पॉइंट सापडतो. कुठलीच सैल करून दाब पडला नाही तर ब्लॉक स्वतःच अडकलाय.

हे करताना एक गोष्ट जिवावरची आहे. तिथे दोन-तीनशे बारचा दाब असू शकतो. सुटत्या ग्रीसवर बोट ठेवायचं नाही, हातमोजा असला तरी नाही. बारीक फटीतून ग्रीस कातडीत शिरतं, वर नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही सुरुवातीला, आणि काही तासांत बोट घालवायची वेळ येते. तसं कधी झालंच तर घरी जायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि कातडीत ग्रीस दाबाने शिरलंय असं स्पष्ट सांगायचं.

---

ड्राइव्ह_एंड

काका, ही पद्धत मी छापून पंपाच्या दारावर लावतो.

आमच्याकडे काय बदललं तेही सांगतो. कापला गेलेला तो पाइप आता स्टीलचा आहे, फ्रेमपासून लांब, दर अर्ध्या मीटरवर क्लॅम्प. शेवटच्या हलत्या भागापुरता होज. सर्वांत महत्त्वाच्या चार बेअरिंगांना हाउसिंगच्या तोंडाशी, म्हणजे पाइपाच्या शेवटी, फ्लो सेन्सर लावलेत. सगळ्या पॉइंटना लावणं झेपणारं नाही, म्हणून बाकीच्यांसाठी फेरी सुरू केली. सीलशी ताज्या ग्रीसची कड दिसते का, पाइपाखाली ढीग आहे का, आणि दर शटडाउनला बेअरिंगकडचं फिटिंग खोलून दोन-तीन सायकल चालवून ग्रीस येतंय का ते बघणं.

पहिल्याच फेरीत अजून एक कोरडा पॉइंट सापडला. त्याचा पाइप शाबूत होता, ब्लॉक शाबूत होता. मागच्या शटडाउनला पाइप बदलला होता एवढंच.

---

जुना_फिटर

रिकामा जोडला असेल.

---

नवी_ट्रेनी

काका, म्हणजे? नवीन पाइप ग्रीस येऊन भरेलच ना?

---

जुना_फिटर

भरेल. किती दिवसांत ते तूच काढ. पाइपाचा आतला व्यास ४ मिमी, लांबी दीड मीटर, आणि धाग्यात लिहिलेलं बेअरिंग, दिवसाला १ ग्रॅम.

---

नवी_ट्रेनी

आतलं क्षेत्रफळ १२.५७ चौरस मिमी, गुणिले १५०० मिमी, म्हणजे साधारण १८.८ सीसी. ग्रीसची घनता ०.९ धरली तर १७ ग्रॅम.

१७ दिवस! पंप चालू, ब्लॉक फिरतोय, दिवा हिरवा, आणि बेअरिंगला १७ दिवस काहीच नाही.

आज आमच्या लाइनवर मागच्या आठवड्यात बदललेला ४ मीटरचा पाइप बघून आले. तोही तसाच जोडलाय, कुणी भरला नव्हता. त्याला पन्नासेक सीसी लागतील, म्हणजे ४५ दिवस. दुपारी सीनियरांना सांगून बेअरिंगकडचं फिटिंग खोललं, ब्लॉककडच्या टोकाला ग्रीस गन लावली आणि दुसऱ्या टोकाला कापड धरून बसले. आधी बराच वेळ नुसती हवा फुसफुसत होती. मग ग्रीस आलं, मधे बुडबुड्यांचं, नंतर सलग. सलग झाल्यावर फिटिंग घट्ट केलं. हाउसिंगमध्येही हाताने थोडं भरलं. उद्या सकाळी बाकीचे बदललेले पाइप बघायला जाणार आहे.